नेनिताचा दिवस

कमूबाईला फिलिपिन्सला जायचं होतं. फिरायला नव्हे, परिषदेलाही नव्हे. तिथल्या नेनिता नावाच्या बाईच्या शेतात एक दिवस भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, करायला. आठ वर्षं ती एवढंच मागत होती, आणि तिचं मागणं दर वेळी माझ्यापाशी येऊन अडत होतं, कारण तिच्या ओळखीत इंग्रजी येणारा माणूस मी एकटाच.

मी हेमंत. जव्हारच्या एका संस्थेत बावीस वर्षं कारकुनी केली, आता घरी बसलोय. संस्था जंगलजमिनीच्या दाव्यांपासून शेळ्यांच्या लसीपर्यंत सगळ्यात हात घालायची. अहवाल टाइप करता करता मला इंग्रजी आलं, आणि इंग्रजी येतं म्हटल्यावर परदेशी पाहुण्यांचं दुभाषेपण आपोआप गळ्यात पडलं. पाहुणे पुष्कळ यायचे. जव्हार-मोखाड्याचं नाव बाहेर लांबवर गेलंय, चांगल्या कारणानं नव्हे. कुणी जर्मनीहून, कुणी ब्राझीलहून, कुणी नुसतेच विद्यापीठातून यायचे. सगळ्यांच्या तोंडी एकजूट असायची. सीमेपलीकडची एकजूट, जगभरच्या कष्टकऱ्यांची एकजूट. मला तो शब्द ऐकला की अजूनही चहाची तल्लफ येते, कारण त्या शब्दानंतर किमान तासभर चहा मिळत नसे.

दुभाष्याचं काम म्हणजे भाषांतर, असं ज्यांना वाटतं त्यांनी ते कधी केलेलं नसतं. दुभाष्याचं काम म्हणजे सभा बिघडू न देणं. एकदा एका पाहुण्यानं पाऊण तास समजावून सांगितलं, की जगात बोलायचं काम नेहमी श्रीमंत देशांतले लोक करतात आणि गरिबांच्या वाट्याला फक्त ऐकणं येतं, हे बदललं पाहिजे. समोर चाळीस बायका पाऊण तास मुकाट ऐकत होत्या. मी म्हटलं, "साहेब म्हणतात, तुम्हीपण बोला." तशी त्यांतली रखमी उठली आणि म्हणाली, "याला सांग, रेशनवर दोन महिनं तांदूळ आला नाय." मी इंग्रजीत सांगितलं, की या ताईंना तुमच्या देशातल्या अन्नाच्या हक्काविषयी जाणून घ्यायचं आहे. पाहुण्याचे डोळे भरून आले. टाळ्या झाल्या. जेवणं वेळेवर झाली. बावीस वर्षांत माझ्या हातून एक सभा बिघडली नाही, आणि याचा मला अभिमान होता. आता सांगताना लाज वाटते, पण तेव्हा होता.

नेनिता आली ती २०१५ च्या जुलैत. शेतकरी संघटनांच्या एका आंतरराष्ट्रीय मंचाचे सात जण आले होते, त्यांतली एक. साखरशेतच्या शाळेतल्या वर्गात सभा ठेवली होती. बाहेर धो धो पाऊस, आत पत्र्यावर त्याचा एवढा आवाज, की बोलणाऱ्याला स्वतःचं ऐकू येईना. युरोपातल्या कुठल्या विद्यापीठाची एक उंच प्राध्यापिका बोलायला उभी राहिली. बाई हुशार होती, खोटं कशाला बोलू. ती म्हणाली, दया म्हणजे एकजूट नव्हे. ज्याला आपण मदत करतो त्याच्याकडून परत घ्यायची आपली तयारी नसेल, तर आपण त्याला बरोबरीचा मानलेलंच नाही. देशादेशांतली एकजूट इथेच फसते, एक बाजू कायम देत राहते आणि दुसरी कायम घेत राहते, मग देणारा मालक होतो आणि त्याचं त्यालाही कळत नाही.

हे सगळं मला त्या पत्र्याखाली ओरडून सांगायचं होतं. मी ओरडलो, "ताई म्हणतात, आपण सगळे एक आहोत!" टाळ्या.

त्या टाळ्यांत एक खुर्ची रिकामी झालेली मला दिसली. नेनिता उठून बाहेर गेली होती. मला वाटलं, लघवीला गेली असेल. अर्ध्या तासानं खिडकीतून पाहतो तर शाळेला लागून असलेल्या खाचरात आठ बायका वाकलेल्या, आणि नववी ही. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, डोक्यावर कुणाचा तरी प्लास्टिकचा कागद. खाचर कमूबाईचं होतं. सभेला ये म्हणून मी तिला तीनदा निरोप धाडला होता आणि तिनं तीनदा सांगितलं होतं, "आवणी टाकून सभा कोन करील?"

नेनिताही तिकडे भातच पिकवत होती. तिला काही शिकवायची गरज पडली नाही. फक्त ती एका जागी दोन-दोन काड्या लावायची आणि ओळ सरळ धरायची. आमच्याकडे चार-पाच काड्या लावतात आणि ओळीचं फारसं कुणी मनावर घेत नाही. त्यावरून कमूबाईनं तिला आपल्या बोलीत झापलं. नेनितानं तिला आपल्या भाषेत उलट झापलं. दोघींना एकमेकींचं अक्षर कळत नव्हतं आणि भांडण मात्र बरोबर चाललं होतं. दुपारी बांधावर नागलीची भाकर आणि सुकट निघाली, तर नेनितानं आपल्या पिशवीतून कागदात बांधलेली तिकडची सुकी मासळी काढली. बायका एवढ्या हसल्या, की आतली सभा थांबली. मी बांधावर छत्री धरून उभा होतो. माझे बूट नवे होते.

संध्याकाळी गाडी निघायची वेळ झाली. पावसात अंधाराआधी घाट उतरायचा म्हणून ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न देत होता. नेनितानं चिखलाच्या हातांनी कमूबाईचे दोन्ही हात धरले आणि इंग्रजीत चार-सहा वाक्यं बोलली, हसत नव्हे, अगदी मन लावून. मग दोघींनी माझ्याकडे पाहिलं.

"काय बोलते?" कमूबाईनं विचारलं.

"म्हणते, तुमचं गाव फार छान आहे."

"एवढं बोलली न् एवढंच?"

"एवढंच."

कमूबाई म्हणाली, "तिला सांग, दिवस राहिला."

मी नेनिताला इंग्रजीत म्हटलं, "त्या तुमचे आभार मानतात." गाडी गेली.

दिवस राहिला, याचा अर्थ जव्हार-मोखाड्यात कुणाला सांगावा लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगतो. आमच्याकडे आवणी सावडीनं चालते. आज सगळ्या बायका तुझ्या खाचरात, उद्या सगळ्या माझ्या. जिनं माझ्याकडे एक दिवस काढला तिच्याकडे मी एक दिवस काढायचा. यात आभार नसतात. आभार मानले म्हणजे तुझा-माझा संबंध मिटला, असा त्याचा अर्थ होतो. आजारी पडलात तर घरातलं दुसरं कुणी जातं. कमूबाईच्या नवऱ्याला, सावळ्याला, एकदा एकाच्या शेतात दिवस द्यायचा होता, आणि तो माणूसच भादव्यात साप चावून गेला. पुढच्या पावसाळ्यात सावळा आणि कमूबाई त्याच्या विधवेच्या खाचरात जाऊन उभे राहिले. तिनं बोलावलं नव्हतं, यांनी विचारलं नव्हतं. आता सावळाही राहिला नाही, पण ती गोष्ट गावात सगळ्यांना ठाऊक आहे, आणि कुणी तिचं कौतुक करत नाही, कारण त्यात कौतुक करण्यासारखं काही नाही.

म्हणून पुढच्या वर्षी कमूबाई खोडाळ्याच्या बाजारात मला गाठून म्हणाली, "हेमंतभाऊ, त्या बाईकडं माला कवा नेतोस?" मी हसलो. तिच्या बोलीत कलेक्टरलाही 'तू'च असतं, माझी काय कथा. मी म्हटलं, "कमूबाई, ते लांब आहे. समुद्रापलीकडे." ती म्हणाली, "ती आली तवा समुद्र नव्हता?"

दर वर्षी आवणीच्या आधी ती विचारायची, दर वर्षी मी काहीतरी सांगायचो. विमान महाग, कागद लागतात, करोना आहे. करोना तर मला देवानंच पाठवल्यासारखा वाटला, दोन वर्षं सुटका झाली. एकदा मी वैतागून म्हटलं, "अहो, ती विसरलीसुद्धा असेल!" कमूबाई शांतपणे म्हणाली, "ती विसरली तं तिची मर्जी. मी नाय गेली तं ती मोठी झाली न् मी लहान झाली. माला कोनापुढं लहान व्हायचं नाय."

हे ऐकलं तेव्हा मला ती उंच प्राध्यापिका आठवली. दोघी एकच बोलत होत्या. मधे मी उभा होतो.

२०२३ मध्ये योग जुळून आला. त्याच मंचाची परिषद त्या वर्षी ऑगस्टात फिलिपिन्सला ठरली, आणि संस्थेला पत्र आलं, की प्रत्यक्ष शेतात राबणारी एक महिला पाठवा, तिकीट आमचं. संस्थेच्या मनात एक शिकलेली, चुरचुरीत बोलणारी कार्यकर्ती होती. कमूबाईला कुठून कळलं कोण जाणे. ती ऑफिसच्या पायरीवर येऊन बसली. पहिल्या दिवशी लोकांनी चहा दिला, दुसऱ्या दिवशी नुसतं पाणी दिलं, तिसऱ्या दिवशी तिचं नाव दिलं. दुभाष्या म्हणून मला घरून उठवलं.

पासपोर्टची कथा वेगळी लिहावी लागेल. कमूबाईची जन्मतारीख आधार कार्डावर एक जानेवारी आहे. निम्मं साखरशेत एक जानेवारीलाच जन्मलंय. चौकशीला आलेल्या पोलिसानं गंमतीत विचारलं, "मावशी, तिकडेच राहून तर जाणार नाही ना?" ती म्हणाली, "नागली कोन कापील, तू?" पासपोर्ट आला. तिचा मुलगा देवराम आश्रमशाळेत क्लार्क आहे, त्यानं तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिला आणि तिला बजावलं, "आई, तिकडे परिषद आहे. हॉटेलात राहायचं, हॉलमध्ये बसायचं. आवणीबिवणी काढू नकोस, लोक हसतील."

"परिषद तू कर," कमूबाई म्हणाली. "मी आधी आवणी करीन, मंग तुझ्या हॉलात बसीन."

जुलैच्या मध्यावर आम्ही दोघं मुंबईला व्हिसाच्या मुलाखतीला गेलो. जाताना एसटीत मी तिला पुन्हा पुन्हा पढवलं. "विचारलं, कशाला जाता, तर सांगायचं, परिषदेला. दुसरा शब्द नाही." ती खिडकीबाहेर दुसऱ्यांची खाचरं बघत होती. कुठे आवणी झाली, कुठे राहिली, याचं तिचं चाललं होतं. ती गप्प बसली, आणि मी ते होकार समजलो.

काचेपलीकडे तिकडचा एक अधिकारी बसला होता, शेजारी टाइप करायला इथलीच एक मुलगी. अधिकारी माणूस सभ्य होता. त्यानं विचारलं, प्रवासाचं कारण काय? मी कमूबाईला विचारलं. ती म्हणाली, "एका बाईच्या शेतात काम करायचं हाय. एक दिवस."

मी अधिकाऱ्याला इंग्रजीत म्हटलं, "त्या कॉन्फरन्सला जात आहेत."

बावीस वर्षांची सवय. जीभ आपोआप वळली, मला विचारही करावा लागला नाही. पण 'कॉन्फरन्स' हा शब्द गेले सहा महिने आम्ही तिच्यासमोर एवढा वापरला होता, की तो तिला पाठ झाला होता. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग काचेजवळ वाकली आणि टाइप करणाऱ्या मुलीला हिंदीत म्हणाली. ठाण्याला पंधरा वर्षं बिल्डिंगांच्या कामावर विटा वाहिल्यात तिनं, हिंदी तिला माझ्यापेक्षा बरं येतं. "नहीं मॅडम. ये झूठ बोलता है. कॉन्फरन्स बाद में. पहले मेरे को काम करने का है, खेत में. एक दिन."

टाइप करणं थांबलं. मुलीनं अधिकाऱ्याला सांगितलं. तिनं मात्र जसंच्या तसं सांगितलं. अधिकाऱ्यानं विचारलं, पैसे घेऊन काम?

"पैसा नहीं. उसने किया, अभी मेरे को करने का है."

अधिकाऱ्यानं पेन खाली ठेवलं. मला वाटतं, त्याला कळलं. त्याच्याही देशात भात पिकतं, कदाचित त्याची आईही कुणाच्या तरी शेतात दिवस फेडायला जात असेल. पण त्यानं हळू आवाजात सांगितलं, की या व्हिसावर काम करता येत नाही, पैसे घेऊन नाही आणि न घेताही नाही, आणि अर्जदार स्वतःच काम करणार म्हणते आहे. तासाभरानं पासपोर्ट परत आला, सोबत नकाराचा कागद. ताकाला जाऊन भांडं लपवू नये म्हणतात. पण व्हिसाच्या खिडकीवर भांडं लपवल्याशिवाय ताकच मिळत नाही, हे त्या बाईला कोण सांगणार? मी सांगितलं होतं, आणि तिनं ऐकलं नाही. मला तिचा भयंकर राग आला. आठ वर्षं, पासपोर्ट, पायरीवरचे तीन दिवस, सगळं एका वाक्यात पाण्यात.

परतीच्या एसटीत ती पासपोर्टची पिशवी मांडीवर घेऊन बसली. मला इतका शीण आला होता, की राग धरून ठेवायचंही त्राण नव्हतं. भिवंडीच्या ट्रॅफिकमध्ये गाडी अडकली तेव्हा ती म्हणाली, "तू माझं बोलनं बदललंस."

"तुमच्या भल्यासाठी."

"आज बदललंस का नेहमी बदलतोस?"

खोटं बोलायला काही लागत नव्हतं. पण आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं गुळगुळीत करून करून मी कंटाळलो होतो. मी म्हटलं, "नेहमी."

ती समोरच्या सीटची दांडी धरून बसली होती. तिनं माझ्याकडे न बघता विचारलं, "मंग नेनिता जाताना काय बोलली होती?"

मला ते शब्द न् शब्द आठवत होतं. आठ वर्षं आठवत होतं, आणि म्हणूनच दर पावसाळ्यात तिचा प्रश्न मला नको असायचा. मी सांगितलं. नेनिता म्हणाली होती, आमच्या जमिनीवर कंपनीचा डोळा आहे. डिसेंबरात आम्ही दुसऱ्या पिकाची लावणी करतो, तेव्हा ते मोजणीला येणार आहेत. शेतात लावणी करणारी माणसं उभी असली तर ते मशीन आत घालायला कचरतात, बाहेरदेशचं माणूस असलं तर जास्तच. बाकीचे लोक आम्हाला पत्रं पाठवतात. तू पत्र पाठवू नकोस. तू ये. एक दिवस ये.

गाडी सुटली, पुन्हा अडकली. कमूबाईनं विचारलं, "का नाय सांगलंस?"

"ड्रायव्हर हॉर्न देत होता."

"हां."

"आणि मला वाटलं, तुम्ही कुठे जाणार. उगाच जिवाला घोर."

"मी जाईन का नाय, ते तू ठरवलंस." तिचा आवाज चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं. "डिसेंबरात भात झोडून झालेलं अस्तं. मी रिकामी होती. जमतं, नाय जमतं, मी बघितलं अस्तं."

मग सगळंच सांगून टाकावं म्हणून मी तेही सांगितलं, की २०१७ मध्ये त्या जमिनीसाठी एक पाठिंब्याचं पत्र फिरलं होतं. सोळा देशांतल्या दोनशे लोकांच्या सह्या होत्या. संस्थेकडून तीन नावं हवी होती, ती मी ऑफिसात बसून टाकली. त्यांत एक कमूबाईचं होतं.

"माझी सही?" ती म्हणाली. "माला तं अंगठा येतो."

पुढे वाडा आलं, विक्रमगड आलं, ती झोपल्यासारखी डोळे मिटून बसली होती. जव्हारच्या स्टँडवर उतरल्यावर म्हणाली, "सकाळी ये. माझी आवणी हाय. फोन घेऊन ये."

परिषदेच्या लोकांनी नेनिताच्या मुलीचा नंबर आधीच पाठवलेला होता, तो माझ्याकडे होता. सकाळी मी साखरशेताला गेलो. तेच शाळेजवळचं खाचर, त्याच बायका, दोन कमी झालेल्या. मी बांधावर थांबलो. कमूबाई म्हणाली, "उतर."

"फोन भिजेल."

"फोन वरती धर."

मी बूट काढले आणि पँट दुमडून उतरलो. चिखल पोटऱ्यांपर्यंत आला, आणि गारवा हाडांत गेला. नंबर लावला, स्पीकर सुरू केला. पहिल्यांदा मुलगी बोलली, मग तिनं आईला बोलावलं. मी सांगितलं, भारतातून, साखरशेताहून, कमूबाई.

"ती भांडखोर बाई?" नेनिता म्हणाली.

मी कमूबाईला सांगितलं, जसंच्या तसं. ती हसली नाही, पण तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं.

नेनितानं पुढे विचारलं, "ती आली का नाही? मी बांधावर तिची वाट पाहिली." आभार मानले, असं तिला आठ वर्षांपूर्वी सांगितलं होतं ते मीच. तरी तिनं वाट पाहिली होती. हेही मी कमूबाईला सांगितलं.

कमूबाई म्हणाली, "तिला सांग, या मानसानं माला सांगलंच नाय. तू बोललीस ते यानं गिळलं. तरी तुझा दिवस माझ्याकडं हाय, ते मी विसरली नाय. काल जायाला निघाली, तं सरकारनं सोडलं नाय."

ते मला इंग्रजीत बोलायचं होतं. 'या माणसानं' म्हणताना तो माणूस मीच. आयुष्यात मी हजार माणसांची वाक्यं बोललो असेन, एकही एवढं जड गेलं नव्हतं. एक शब्द हलका करावा, असं जिभेला वाटत होतं. मी केला नाही. सगळ्या बायका वाकणं थांबवून माझ्याकडे बघत होत्या.

मग नेनितानं सांगितलं, की शेत २०१७ लाच गेलं. पत्रं खूप आली, ती एका डब्यात ठेवलीत. आता तिथे केळीचा मळा आहे, आणि ती त्याच जमिनीवर रोजानं जाते. "तिला सांग, आता लावायला भातच नाही. कशाला ये म्हणू?"

मी सांगितलं. कमूबाईनं कपाळावरचा पदर मनगटानं मागे सारला आणि मलाच विचारलं, "केळीत काय काम अस्तं?"

"ते मला कुठे ठाऊक?"

"मंग तिला सांग, केळीत तं केळीत. दिवस तिचा हाय, शेताचा नाय. या कागदानं नाय सोडलं तं दुसऱ्या कागदानं येईन. पासपोर्ट धा वर्सं चालतो."

मी सांगितलं. नेनितानं कुणाशी तरी तिच्या भाषेत काही बोलून घेतलं, मग फोनवर आली. ती म्हणाली, "सांग तिला, केळीचा घड जड असतो. दोघींनी उचलावा लागतो."

"म्हणते, केळीचा घड जड असतो. दोघींनी उचलावा लागतो."

"बरं," कमूबाई म्हणाली, आणि वाकली. फोन बंद झाला. मी बांधाकडे वळलो, तर तिनं मान वर न करता रोपांची एक जुडी माझ्यापुढे धरली. मी फोन खिशात टाकला. जन्म या तालुक्यात गेला आणि मी कधी आवणी केली नव्हती. रोप किती खोल दाबायचं, ते मी तिला विचारलं.